रिकामा रकाना

कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग आहे. एकवीरेच्या दर्शनाला आलेली गर्दी आत डोकावते, छताच्या लाकडी कमानी बघते, फोटो काढते आणि बाहेर पडते. खांबांवरची अक्षरं जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे दोन हजार वर्षं. मजकूर अगदी कोरडा आहे. धेनुकाकटाचा यवन सिहधय, त्याचं दान, हा खांब. दुसरीकडे सोपारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, सातिमित नावाचा भाणक. त्यानं दिलेला खांब. ना स्तुती, ना कविता. कुठला, कोण, नाव काय, दिलं काय, एवढंच.

हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला इतिहासाच्या आधी माझं रोजचं काम आठवलं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तळेगावहून लोकल पकडतो आणि दिवसाचा मोठा भाग मजकुराच्या ओळी तोडण्यात घालवतो. सर्व्हर दर मिनिटाला शेकडो ओळी लिहून ठेवतो. प्रत्येक ओळीत वेळ, पत्ता, नाव, निकाल अशा गोष्टी एकामागोमाग चिकटलेल्या असतात. त्या सुट्या करून ओळीनं खणांत ठेवायच्या. अशा क्रमांक लावलेल्या खणांच्या रांगेला आम्ही ॲरे म्हणतो, आणि खण शून्यापासून मोजतो. हे करण्यासाठी ज्या छोट्या सूचना लिहून ठेवतात, ती शेल स्क्रिप्ट.

कार्ल्याचे खांब म्हणजे अशाच ओळी आहेत. फरक एकच: त्यांच्यात खुणा नाहीत. शब्द संपला की जागा सोडायची, ही आपली सवय तिथे दिसत नाही. अक्षरं सलग चालतात. 'धेनुकाकटायवनस' एवढं समोर आलं, तर ते 'धेनुकाकटा यवनस' असं तोडायचं की 'धेनुकाकटाय वनस' असं? दगड काही सांगत नाही. शेजारच्या खांबांवर 'यवनस' पुन्हा पुन्हा येतं, म्हणून पहिली फोड बरोबर ठरते. जेम्स प्रिन्सेपनं १८३७पर्यंत ब्राह्मीची अक्षरं लावली. पण अक्षर कळणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक १८८१ साली काढलं, पुढे एमिल सनार यांनी कार्ल्याचे लेख पुन्हा वाचले. या सगळ्यांच्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे ओळ कुठे तोडायची, हे ठरवणं.

त्यांच्या वाचनांच्या आधारानं मी मावळातल्या दानलेखांची एक साधी फाइल करायला घेतली. कार्ले, भाजे आणि बेडसे, तिन्ही लेणी याच तालुक्यात. कार्ल्याच्याच एका लेखात 'मामाल' अशा नावाचा प्रदेश येतो आणि मावळ हे नाव त्याच्याशी जोडलं जातं. एका ओळीत एक दान, आणि दोन गोष्टींच्या मधे एक खूण. सुरुवात अशी झाली:

धेनुकाकट:यवन:सिहधय:खांब
सोपारक:भाणक:सातिमित:खांब
वेजयंती:सेठी:भूतपाल:शैलगृह
:महारठी:अग्निमित्रणक:सिंहस्तंभ
नाशिक:सेठीपुत्र:पुसणक:

चौथी ओळ खुणेनंच सुरू होते, कारण चैत्यगृहाबाहेरचा तो उंच सिंहस्तंभ देणाऱ्या महारठीनं स्वतःचं गाव लिहिलेलं नाही. पाचवी ओळ बेडशाची. नाशिकच्या आनंद सेठीचा मुलगा पुसणक याचं दान, एवढंच तिथे आहे. दान कशाचं, ते नाही. म्हणून ती ओळ खुणेवर संपते. या दोन रिकाम्या जागा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

दोन शब्दांच्या मधे दोन ठिपके का घातले? कारण युनिक्सची तशी जुनी रीत आहे. १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स सुरू झालं. त्यात कोण कोण वापरकर्ते आहेत याची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. आजही आहे, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातलं लिनक्स त्याच घराण्यातलं. त्या पासवर्ड फाइलमध्ये एका ओळीत सात रकाने: नाव, पासवर्ड, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, माणसाची माहिती, घरची डिरेक्टरी आणि शेल. मधे सहा वेळा दोन ठिपके.

या फाइलमध्ये रिकाम्या रकान्याला अर्थ होता, आणि तो फार मोठा होता. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला पासवर्डच लागत नाही, असं यंत्र समजत असे. नुसतं नाव टाका आणि आत या. नंतर पासवर्ड दुसऱ्या, बंदिस्त फाइलमध्ये गेले आणि त्या जागी 'एक्स' हे एक अक्षर उरलं. पण मुद्दा तोच. दोन ठिपक्यांच्या मधे काही नाही, हीसुद्धा एक नोंद आहे.

शेल हा आपण टंकलेल्या सूचना वाचून यंत्राकडून काम करून घेणारा दुभाष्या. केन थॉम्पसनचा पहिला युनिक्स शेल १९७१चा. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात आयएफएस नावाची एक जागा होती, म्हणजे रकाने वेगळे करणाऱ्या चिन्हांची यादी. शेलला ओळ कुठे तोडायची हे आता सांगता येऊ लागलं. काही न सांगितल्यास यादीत तीन चिन्हं असतात: मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ.

इथे एक बारीक नियम आहे, आणि माझ्या मते शेल शिकणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा. ही तीन न दिसणारी चिन्हं लागोपाठ कितीही आली तरी शेल त्यांना एकच समजतो, आणि ओळीच्या सुरुवातीला असली तर सोडूनच देतो. दिसणाऱ्या चिन्हांचं तसं नाही. दोन ठिपके दोनदा आले तर मधे एक रिकामा रकाना आहे, असं तो मानतो. माणसानं हातानं टंकलेल्या सूचनेसाठी पहिला नियम सोयीचा आहे. बोटातून एक जास्तीची जागा सुटली म्हणून काम अडू नये. पण नोंदींसाठी तोच नियम घातक आहे. माझ्या फाइलमध्ये दोन ठिपक्यांऐवजी टॅब असता, तर सिंहस्तंभाच्या ओळीतली पहिली रिकामी जागा गिळली गेली असती. खण क्रमांक शून्य म्हणजे गाव. त्या खणात 'महारठी' जाऊन बसला असता. आणि पुढच्या कुणीतरी मावळात महारठी नावाचं गाव होतं, असं नकाशावर दाखवलं असतं. यंत्र यात कुठेही तक्रार करत नाही. चूक दिसते ती फक्त ज्याला खांब माहीत आहे त्याला.

म्हणजे दोन ठिपके बरे. पण शेवटचा रिकामा रकाना तिथेही सुरक्षित नाही. आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेला शेल म्हणजे बॅश. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ साली मुक्त सॉफ्टवेअर चळवळीसाठी लिहिला. त्याला ॲरे मिळाले १९९६मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये ते आधीपासून होते. बॅशमध्ये ओळ तोडायची नेहमीची रीत अशी: त्या एका सूचनेपुरतं आयएफएसमध्ये दोन ठिपके ठेवायचे, मग 'रीड' ही आज्ञा द्यायची, बॅकस्लॅशला हात लावू नये म्हणून 'आर' आणि ॲरे भरावा म्हणून 'ए' हे पर्याय जोडायचे. पहिल्या चार ओळींचे चार-चार खण होतात. बेडशाच्या ओळीचे तीनच. कारण बॅशच्या लेखी शेवटचं चिन्ह हे दोन रकान्यांमधलं कुंपण नसून शेवटच्या रकान्याचा पूर्णविराम आहे. त्यामुळे त्याच्यापुढे काही आहे, असं त्याला वाटतच नाही. उपाय सोपा आहे. तोडण्याआधी प्रत्येक ओळीच्या शेवटी आणखी एकदा दोन ठिपके जोडायचे. मग भरलेल्या ओळीचेही चार खण होतात आणि पुसणकाच्या ओळीचेही. त्याच्या दानाची न लिहिलेली वस्तू निदान न लिहिलेली म्हणून तरी शिल्लक राहते.

आणखी एक घाईची रीत आहे. 'रीड' न वापरता ओळ तशीच, अवतरणचिन्हांशिवाय, ॲरेच्या कंसात टाकायची. ती तुटते खरी, पण तुटल्यावर शेल तुकड्यांमध्ये फाइलींच्या नावांचे नमुने शोधतो. एकटा तारा दिसला की त्या जागी डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइलींची नावं येऊन बसतात. पुराभिलेखांत झिजलेल्या, संशयित अक्षरांभोवती चौकटी कंस घालायची पद्धत आहे. शेललाही चौकटी कंस म्हणजे नमुनाच वाटतो. दगडावरच्या झिजेची खूण आणि फाइल शोधायची खूण एकच निघाली, तर कधीतरी त्यांची टक्कर होणारच.

अशा टकरी आपल्या भाषेला नव्या नाहीत. मोडीचं कोणतंही जुनं पान घ्या. आधी आडवी रेघ पानभर ओढायची आणि मग तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता लिहीत जायचं. शब्दांमधे जागा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून बसणारा अभ्यासक आजही आधी शब्द तोडतो आणि मग अर्थ लावतो. हिशेबात उभी रेघ यायची, पण ती थांबण्याची खूण नव्हती. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. तीच उभी रेघ पोथीत आली की तो दंड, चरण संपल्याची खूण. हिशेबनीस आणि पुराणिक एकच चिन्ह दोन अर्थांनी वापरत होते आणि दोघांचं चालत होतं, कारण वही आणि पोथी एकाच फाइलमध्ये येत नव्हती.

स्वल्पविराम तर आपल्याकडे पाहुणा म्हणून आला. मोल्सवर्थच्या कोशाचं काम करणारे, पुण्यात राहिलेले मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवली. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५०चं. म्हणजे जी स्वल्पविरामाची खूण घालून आज आपण एक्सेलमधून फाइली बाहेर काढतो, ती मराठी गद्यात रुळायला सुरुवात होऊन पावणेदोनशे वर्षंच झाली आहेत. आणि मराठी पत्त्यात ती इतकी रुळली, की 'मु. पो. कार्ला, ता. मावळ, जि. पुणे' असा एकच रकाना असलेली ओळ स्वल्पविरामावर तोडली तर तिचे तीन तुकडे होतात.

दोन ठिपक्यांचीही मराठीत एक खास अडचण आहे. विसर्ग. नीट टंकलेला विसर्ग हे वेगळं अक्षर आहे. पण कीबोर्डवर तो सापडला नाही की लोक सरळ दोन ठिपके देतात: 'स्वत:', 'दु:ख', 'अंत:करण'. डोळ्यांना फरक कळत नाही. यंत्राला कळतो. शेऱ्याच्या रकान्यात कुणी 'स्वत: पाहिलं' असं लिहिलं, की त्या ओळीला एक खण जास्त होतो.

मग आपलाच दंड का वापरू नये? कल्पना छान आहे, आणि तिचा निकाल पाहण्यासारखा. युनिकोडचा मजकूर सहसा युटीएफ-८ या पद्धतीनं साठवतात आणि तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच. दुसऱ्याच्या जागी दोनच शक्यता. आयएफएसकडे बाइटबाइटनं बघणाऱ्या शेलला दंड दिला, तर त्याला ते एक चिन्ह न दिसता तीन वेगवेगळी चिन्हं दिसतात. त्यातला एक बाइट देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट आहे आणि उरलेले दोन म्हणजे दुसऱ्या जागेच्या दोन्ही शक्यता. त्यामुळे ओळ दंडाशी तुटायची सोडून प्रत्येक अक्षराशी तुटते आणि हातात फक्त तिसरे बाइट येतात, जे एकेकटे काहीच नसतात. 'त' आणि 'थ' यांचं नशीब आणखी वाईट: त्यांचा तिसरा बाइटही त्या दोनांपैकीच एक आहे, म्हणून ती अक्षरं मागमूस न ठेवता जातात. यंत्राची भाषा युटीएफ-८ अशी ठरवलेली असेल तर बॅश हे नीट सांभाळतो. पण तीच स्क्रिप्ट दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, दुसऱ्या शेलमध्ये चालली, तर कार्ल्याच्या 'थभो'मधला 'थ' सगळ्यात आधी नाहीसा होईल.

गंमत म्हणजे या कामासाठी मुद्दाम बनवलेली चिन्हं केव्हापासून पडून आहेत. आस्की या अमेरिकी प्रमाणसंचाच्या १९६७च्या आवृत्तीत २८ ते ३१ या क्रमांकांवर चार विभाजक ठेवले: फाइलचा, गटाचा, नोंदीचा आणि रकान्याचा. मजकुरात एरवी कधीच न येणारे, म्हणून टक्कर नाही. ३१ क्रमांकाचा विभाजक आयएफएसमध्ये ठेवला तर मधले आणि सुरुवातीचे रिकामे रकाने टिकतात. शेवटच्यासाठी वरची युक्ती आहेच. तरी ते फारसे कुणी वापरले नाहीत. कीबोर्डवर त्यांची कळ नाही आणि पडद्यावर ते दिसत नाहीत. माणसाला खूण डोळ्यांनी दिसायला हवी असते. माझ्या फाइलच्या दोन प्रती आहेत त्या यामुळेच: वाचायची दोन ठिपक्यांची, स्क्रिप्टला द्यायची ३१ क्रमांकाची.

आता खांबांकडे पुन्हा बघू. खूण नाही, जागा नाही, तरी दोन हजार वर्षांनी त्या ओळी वाचता आल्या. हे जमलं प्रत्ययांमुळे. 'यवनस'मधला 'स' म्हणजे 'चा'. आपल्या 'रामास'मधला 'स' याच जुन्या प्रत्ययाचा वंशज मानतात. बेडशाच्या लेखात 'नासिकतो' आहे, म्हणजे नाशिकहून. गाव कितव्या जागी आलं याला महत्त्व नाही, कारण आपण गाव आहोत हे ते शब्दाच्या शेवटी स्वतःच सांगतं. सिंहस्तंभाच्या लेखात गाव नाही, तर ओळ सरळ 'महारठिस' अशी सुरू होते आणि महारठी गावाच्या जागी सरकत नाही. आमच्या फाइलींमध्ये अर्थ जागेवर अवलंबून असतो: शून्याच्या खणात असेल ते गाव. प्राकृतात अर्थ शब्दाला बांधलेला असतो. वेबवरच्या आजच्या पद्धतींत प्रत्येक मूल्यासोबत त्याचं नाव पाठवतात, 'गाव' म्हणून 'नाशिक', ती कल्पना प्रत्ययाच्याच जवळची आहे.

अर्थात प्रत्ययानं सगळं सुटत नाही. कार्ल्याच्या एका खांबावर 'धम्मयवनस' असं आहे. इतर खांबांवर 'यवन' आधी आणि नाव नंतर, इथे उलट. धम्म नावाचा यवन, की धम्मयवन हेच नाव? 'स' सगळ्या शब्दाच्या शेवटी एकदाच लागला आहे, त्यामुळे तो आतल्या फोडीबद्दल काही सांगत नाही. आणि यवन म्हणजे तरी काय? ग्रीक वंशाचा, की एखाद्या वसाहतीत तसं म्हणवून घेणारा इथलाच माणूस? धेनुकाकट नेमकं कुठलं, यावरही एकमत नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करणारे आणि डेक्कन क्वीननं हाच घाट उतरणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या गावावर स्वतंत्र लेख लिहिला, तरी वाद मिटला नाही. दुसऱ्या रकान्याला 'जात' म्हणावं, 'वंश' म्हणावं की 'ओळख', हे शेल सांगणार नाही. मी त्याला 'काय म्हणवतो' असं नाव दिलं आहे, कारण खांबावरून तेवढंच नक्की म्हणता येतं.

फाइल अजून लहान आहे. भाज्यातला कोसिकीपुत्र विण्हुदत्त हा महारठी आहे, पाण्याचं टाकं देणारा. बेडशात आपदेवणकाची बायको सामडिनिका आहे, तिनंही टाकं दिलं. तिच्या लेखात तिच्या वडिलांची पदवी आहे, नवऱ्याचं नाव आहे, तिचं स्वतःचं नाव आहे, गाव नाही. तिच्यासाठी मला दोन रकाने वाढवावे लागले, आणि ते वाढवताच आधीच्या प्रत्येक ओळीत दोन रिकाम्या जागा आल्या. सिहधयाचा बाप कोण, सातिमिताच्या घरी कोण होतं, हे त्या खांबांनी सांगितलेलं नाही. त्या जागा मी मोजून तशाच ठेवल्या आहेत. स्क्रिप्टची पहिली तपासणी तीच आहे: प्रत्येक ओळीचे खण सारखे भरतात का, रिकामे धरून.